चाळीस बाटल्यांचा एक किलो : अंबडजवळच्या एका शेडचं प्रकरण

पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली साधारण 25 ग्रॅम भरते. किलोभर मालासाठी अशा चाळीस बाटल्या गोळा करायच्या, वाहून आणायच्या, निवडायच्या आणि पोत्यात भरायच्या. भंगारात पैसे किलोवर मिळतात, कष्ट मात्र नगावर पडतात. लोखंडाच्या भंगारवाल्याला ही अडचण नसते, प्लास्टिकवाल्याला ती दररोज असते. पुढचं सगळं प्रकरण या एका गोष्टीभोवती फिरतं.

शेड नवीन नाशिकच्या कडेला, अंबड औद्योगिक वसाहतीला लागून आहे. वर पत्रा, तीन बाजूंनी जाळी, खाली कोबा. महिलांचा एक बचत गट ती चालवतो. इंदिरानगर आणि पाथर्डी फाटा भागातल्या काही सोसायट्यांचा सुका कचरा भाड्याच्या छोट्या हत्तीतून तिथं येतो, निवडला जातो आणि अंबड-सातपूर पट्ट्यातल्या, प्लास्टिक धुऊन चुरा करणाऱ्या गाळेवाल्यांना विकला जातो. मी बरीच वर्षं प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात काढली आहेत, म्हणून गटाच्या अक्कांनी बोलावलं. प्रश्न एकच होता. एक देणगीदार पट्टा आणि कॅमेऱ्याने प्लास्टिक ओळखणारं यंत्र द्यायला तयार होता. "भाऊ, घ्यावं का?"

यंत्राबद्दल आधी, कारण तो भाग लवकर संपतो. हे यंत्र वस्तूवर डोळ्यांना न दिसणारा अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश टाकतं. परत येणाऱ्या प्रकाशावरून पेट (पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक), एचडी (शाम्पूच्या बाटलीचं), पीपी (पार्सलच्या डब्याचं) ओळखतं आणि हवेच्या झोताने तो तुकडा बाजूला उडवतं. काम चोख करतं, पण त्याला तासाला टनांनी माल लागतो, आणि तोही एका थरात पसरलेला. या शेडमध्ये आठवड्याला जमणारा माल त्याने एका सकाळी संपवला असता. शिवाय काळं प्लास्टिक त्याला दिसत नाही, कारण काळ्या रंगासाठी घातलेली काजळी तो प्रकाश गिळून टाकते. पार्सलचे काळे डबे त्याच्यासमोरून तसेच निघून जातात. आणि औद्योगिक वीजजोडणी? शेडमध्ये दोन दिवे आणि एक पंखा होता. मी नको म्हटलं. देणगीदार थोडे नाराज झाले. ते साहजिक होतं, यंत्रासमोर उभं राहून फोटो चांगला येतो.

मग खरं काय अडतंय ते बघायला आम्ही एका बाटलीच्या मागे लागलो. इमारतीच्या पायथ्यापासून गाळ्याच्या काट्यापर्यंत तिला किती वेळा हात लागतो ते मोजायचं ठरवलं.

सोसायटीतला सफाई कामगार मजल्यावरून पिशवी खाली आणून पिंपात ओततो. टेम्पोवाला पिंप उलटं करून गोणीत भरतो. शेडमध्ये गोणी जमिनीवर ओतली जाते. मग प्रत्येक बाई आपापला ढीग घेऊन बसते आणि त्यातून सात-आठ प्रकार वेगळे करते. संध्याकाळी तिच्या छोट्या पिशव्या मोठ्या पोत्यात रिकाम्या होतात. विकायच्या आदल्या दिवशी पोती पुन्हा ओतून "एकदा नजर टाकतात", कारण मागच्या खेपेला गाळेवाल्याने कुरकुर केलेली असते. 25 ग्रॅमच्या वस्तूला इतके हात लागल्यावर नफ्याला जागा उरत नाही.

सुरुवात टेम्पोपासून केली. छोट्या हत्तीला साडेसातशे किलोच्या आसपास वजन झेपतं. जाळी लावून हौदा उंच केला तर जागा होते पाच घनमीटरच्या घरात. न चेपलेल्या बाटल्या घनमीटरला जेमतेम 20 किलो भरतात. म्हणजे गच्च भरलेला टेम्पो शंभर किलो बाटल्या आणि बाकी नाशिकची हवा घेऊन पाथर्डी फाट्यावरून येत होता. डिझेल आणि भाडं मात्र पूर्ण. चेपलेल्या बाटल्या त्याच जागेत दुपटीहून थोड्या जास्त बसतात. गठ्ठा बांधायचं प्रेस मिळालं तर घनमीटरला दोनशे किलोच्याही वर जाता येतं, पण ते शेडमध्ये, इमारतीखाली नाही.

म्हणून रहिवाशांना एकच गोष्ट सांगितली. बाटली पायाने चेपा आणि चेपल्यावर झाकण परत घट्ट लावा, म्हणजे ती पुन्हा फुगणार नाही. पूर्वी गटाने छापलेल्या पत्रकात सूचनांची लांबलचक यादी होती. प्लास्टिकची जात सांगणारा त्रिकोणातला आकडा वाचा, लेबल काढा, झाकणं वेगळी ठेवा, धुवा, वाळवा, प्रकारानुसार पिशव्या करा. ते पत्रक वाचून चार उत्साही घरांनी सगळं केलं आणि उरलेल्यांनी काहीच केलं नाही. 2016 च्या घनकचरा नियमांनी घराकडून ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग मागितले होते. तेवढे तीन नीट आले तरी शेडचं अर्धं काम झालेलं असतं. घंटागाडी नाशिकला नव्वदच्या दशकापासून माहीत आहे, त्यामुळे गाडी आली की खाली उतरायची सवय इथं आहे. त्या सवयीवर एक छोटी सवय चढवता येते, आठ चढवता येत नाहीत.

झाकणाबद्दल लोकांना शंका होती, कारण झाकण वेगळ्या प्लास्टिकचं असतं. असतं खरं, पीपी किंवा एचडी. पण हे दोन्ही पाण्यापेक्षा हलके आणि पेट जड, घनता 1.38 च्या आसपास. कारखान्यात बाटल्यांचा चुरा धुताना झाकणाचे तुकडे तरंगून आपोआप वेगळे होतात. जे काम पाणी फुकटात करतं ते घराघरात नखं मोडून करायची गरज नाही. लेबलाचं मात्र उलट आहे. काही शीतपेयांच्या आणि फिनेलच्या बाटल्यांना अंगाबरोबर बसणारं चकचकीत वेष्टण असतं, त्यातलं काही पीव्हीसीचं. पीव्हीसीही पेटसारखीच जड, पाण्यात दोन्ही बुडतात. पेट वितळवायला 260 अंशांच्या आसपास किंवा वर तापवावं लागतं. त्या तापमानाला पीव्हीसी जळते, हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडते आणि सगळा माल पिवळा करून त्यात काळे ठिपके पाडते. त्यामुळे अशा बाटल्या हातानेच बाजूला काढायच्या. हा हात वाचवायचा नाही.

दुसऱ्या टप्प्यात आम्ही गाळ्यावर गेलो. गटातल्या कुणीच आजवर गाळा आतून पाहिला नव्हता. माल दारात काट्यावर चढायचा, चिठ्ठी मिळायची, संपलं. भंगाराचा इथला धंदा जुना आहे. लिंक रोडवरचा बाजार महापालिकेने 2017 च्या सुरुवातीला हटवला, तरी घेणारे याच पट्ट्यात आहेत. गाळेवाल्या शेठना अक्कांनी थेट विचारलं, "शेठ, तुम्ही आमचा माल परत का निवडता?"

शेठ खूश झाले. असं कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी कामगाराला पोतं ओतायला लावलं आणि दाखवलं. गटाच्या बायका पांढरी पेट, हिरवी पेट आणि निळसर पेट अशा तीन पिशव्या करत होत्या. शेठ निळसर आणि पांढरी एकत्रच घेत होते, त्यांच्या गिऱ्हाइकाला फिकट निळ्याने फरक पडत नव्हता. उलट, तेलाची बाटली आणि पाण्याची बाटली बायका एकाच पिशवीत टाकत होत्या, कारण दोन्हींवर आकडा 1. शेठना ती तेलाची नको होती. धुण्याच्या टाकीत तेल उतरतं आणि सगळ्या चुऱ्यावर बसतं. एचडीतही तसंच. शाम्पूची बाटली आणि घमेलं दोन्हींवर आकडा 2, पण बाटली फुगवून केलेली, घमेलं साच्यात दाबून केलेलं. वितळल्यावर दोघांचं वाहणं वेगळं. बाटलीच्या दाण्यातून पुन्हा बाटली निघते, घमेल्याच्या दाण्यातून नाही. बाजारात त्या मालाला "ब्लोइंग" म्हणतात आणि त्याचा दर वेगळा असतो. गट इतके दिवस ब्लोइंग घमेल्याच्या भावात देत होता.

आकडा बघून निवडायला शिकवणारे वर्ग मी नाशिकमध्ये पाहिले आहेत. शिकवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण तो आकडा प्लास्टिकची जात कोणती एवढंच सांगतो, घेणारा कोण हे सांगत नाही. निवड घेणाऱ्याच्या बाजूने मागे मोजत यायला हवी. त्याला जे एकत्र चालतं ते वेगळं करणं म्हणजे फुकटची मजुरी, आणि त्याला जे वेगळं हवं ते एकत्र करणं म्हणजे दरातली घट. गाळ्यावरून परत येताना टेम्पोतच यादी झाली. सात-आठ पिशव्यांपैकी दोन रद्द झाल्या, दोन नव्या आल्या. संख्या जवळपास तीच, माल वेगळा.

शेठनी आणखी एक गोष्ट ओघात सांगितली. निफाड-दिंडोरीकडून ठिबकच्या जुन्या नळ्या आल्या की ते शहरातल्या प्लास्टिकचा भाव खाली आणतात. नळी एकाच जातीची, एकाच रंगाची, गाडीभर. माती झटकली की चुरायला तयार. शहराच्या कचऱ्याची स्पर्धा द्राक्षबागेशी आहे, हे गटाला तोवर ठाऊक नव्हतं. त्यावर उपाय नाही. पण ठिबक निघण्याच्या हंगामात आपला माल थोपवून ठेवता येतो, आणि त्यासाठी कोरडी जागा लागते, एवढं कळलं.

जमिनीवरून टेबलावर

निवडीची पद्धत बदलायला सगळ्यात जास्त वेळ गेला. त्यात माणसं होती.

जमिनीवर बसून प्रत्येकीने आपला ढीग पूर्ण निवडायचा, ही जुनी पद्धत. प्रत्येक वस्तूला थांबून विचार करायचा, मग आठ पिशव्यांपैकी एकीकडे वळायचं. गुडघे आणि कंबर संध्याकाळपर्यंत भरून येत. आम्ही सातपूरच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून अँगल आणि वेल्ड जाळीचं लांब टेबल करून घेतलं, उभ्याने कमरेला येईल एवढ्या उंचीचं. जाळीतून माती, बिस्किटाचा भुगा, खिळे खाली पडतात. टेबलाच्या तोंडाशी पहिली बाई काच, कापड, डायपर आणि घातक वस्तू काढते. सुया, ब्लेड, औषधाच्या पट्ट्या इथंच थांबल्या पाहिजेत, म्हणून तिला जाड हातमोजे. दुसरी फक्त पेट उचलते. तिसरी कडक माल, म्हणजे एचडी आणि पीपी. चौथी पिशव्या आणि पन्नी. टेबलाच्या शेवटाला जे उरतं त्याला कुणीच हात लावत नाही, ते सरळ खालच्या गोणीत पडतं. चांगलं तेवढं उचलायचं, वाईटाला स्पर्श करायचा नाही. साधी गोष्ट, पण त्यामुळे सगळ्यात निरुपयोगी मालावर जाणारा वेळ जवळजवळ संपला.

विरोध झाला. गटातल्या सगळ्यात अनुभवी मावशींना एकाच प्रकारावर उभं राहणं कमीपणाचं वाटलं. त्यांना डोळे मिटून प्लास्टिक ओळखता येतं. बाटली दाबून आवाजावरून, नखाने ओरखडून, कडेने वाकवून. पूर्वी काडी लावून वासही घ्यायच्या. मेणबत्तीसारखा वास आला तर एचडी किंवा पिशवीचा माल, नाक झोंबलं तर पीव्हीसी. ते मी बंद करायला लावलं. पीव्हीसीचा धूर छातीत घेऊन ओळखण्याइतकं काही महाग नाही. मावशींना मग टेबलावर उभं केलं नाही, "संशयाचा टोपला" दिला. कुणाला ओळखता आलं नाही ती वस्तू त्यांच्याकडे जाते. शेजारी पाण्याचं टब. तुकडा तरंगला तर पीपी किंवा एचडी, बुडला तर बाकीचं. याला अपवाद आहेत. स्वस्त खुर्चीत पीपीबरोबर इतकी खडूची पूड असते की ती बुडते. ते मावशींना टबाच्या आधीच कळतं.

मजुरीचा प्रश्न त्याहून नाजूक होता. बायकांना किलोवर पैसे मिळत, सगळ्या प्रकारांना एकच दर. म्हणजे जी बाई जड वस्तू पटापट पोत्यात टाकेल ती जास्त कमावणार आणि जी पीव्हीसीचं वेष्टण काढत बसेल ती कमी. मिसळ झालेला माल हा बायकांचा निष्काळजीपणा नव्हता, त्या दराचंच ते फळ होतं. गटाने रोजंदारी ठरवली आणि गाळ्यावर घट (पाणी-घाणीपोटी कापलं जाणारं वजन) न धरता गेलेल्या पोत्यांतला वाटा सगळ्यांना समान द्यायचं ठरवलं. एकीने काम सोडलं. तिला घरून मुलांकडे बघत थोडाच वेळ येता यायचं, आणि किलोचा दर तिला सोयीचा होता. या बदलाची ही किंमत मी लपवणार नाही.

सोमवारचा माल

सोमवारचा टेम्पो वेगळाच असायचा. नाशिकचा रविवार मिसळीचा. अर्ध्या घरांत पार्सल येतं, डब्यात तर्री, पिशवीत रस्सा. डबे पीपीचे, चांगल्या प्रतीचे, पण तर्रीचं तेल आणि मसाला प्लास्टिकला असा धरतो की साध्या पाण्याने निघत नाही, आणि गोणीतल्या बाकीच्या वस्तूंनाही लागतो. एक डबा दहा बाटल्या बिघडवतो. सोसायट्यांना सांगून पाहिलं की डबे विसळून द्या. काही घरांनी दिले. मग सोमवारी डब्यांसाठी वेगळी झाकणवाली बादली ठेवली आणि ती इतर मालात मिसळायचीच नाही असं ठरवलं. डबे गरम पाणी आणि कॉस्टिक सोड्याने एकदम धुवून काढता आले असते, पण ते पाणी सोडायचं कुठं? ड्रेनेजमधून ते शेवटी गोदावरीकडेच जातं. शेडमध्ये धुणं नको हे सगळ्यांनी एकमताने ठरवलं. धुण्याची टाकी गाळेवाल्याकडे आहे, सांडपाण्याची जबाबदारीही त्याची. तेलकट डबा कमी भावात जातो, जाऊ द्या.

दुधाच्या पिशव्यांची तक्रार अक्का सुरुवातीपासून करत होत्या. पिशवी चांगल्या मऊ प्लास्टिकची, मागणी भरपूर, पण शेडमध्ये येतच नाही. येणार कशी? घरची बाई ती धुऊन दोरीवर वाळवते आणि साठवून दारावरच्या भंगारवाल्याला देते. 2018 च्या राज्याच्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशवीवर पन्नास पैसे परताव्याची तरतूद होती. तिचं पुढं फारसं काही झालं नाही, पण पिशवी परत जायची साखळी त्याआधीही होती आणि आजही आहे. बऱ्याच इमारतींत रद्दी, पुठ्ठा आणि चांगल्या बाटल्या वॉचमन किंवा कामवाल्या मावशी आधीच काढून घेतात. गटात एक मत होतं की सोसायटीशी करार करून हे थांबवावं. मी विरोधात होतो आणि अजून आहे. ती बाटली पुनर्वापराला जातेच आहे, गटाच्या टेम्पोचं डिझेल न जाळता. वॉचमनच्या चहापाण्यावर हात टाकला तर तोच माणूस उद्या ओला कचरा सुक्यात जाऊ देईल. शहराच्या दृष्टीने बघितलं तर सगळ्यात कमी खर्चाचं संकलन तेच आहे.

चिवड्याची पाकिटं

टेबलाच्या टोकाला जे उरतं त्यात वेफर, चिवडा, मसाला आणि शाम्पूच्या पुड्यांची पाकिटं सगळ्यात जास्त. आतून चंदेरी, बाहेरून छापील. प्लास्टिकच्या दोन जाती, मध्ये ॲल्युमिनियमचा थर, सगळं एकमेकांना चिकटवलेलं. ते वेगळं करायला जो खर्च येतो तो मालाच्या किमतीत बसत नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये केंद्राने उत्पादकांच्या जबाबदारीची नियमावली आणली. त्यानुसार पाकीट बाजारात आणणाऱ्या कंपनीला तेवढ्या कचऱ्याची विल्हेवाट लावल्याची प्रमाणपत्रं मिळवावी लागतात. ती प्रमाणपत्रं नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याच्या नावावर निघतात, गोळा करणाऱ्या शेडच्या नावावर नाही. त्यामुळे नियमाचा पैसा टेबलापर्यंत पोचायला मधे कुणीतरी घेणारा लागतो. हा माल सिमेंटच्या भट्टीत कोळशाऐवजी जाळता येतो, पण राज्यातल्या बऱ्याचशा भट्ट्या चंद्रपूरकडे, नाशिकपासून राज्याच्या दुसऱ्या टोकाला. हलका माल इतका लांब न्यायचा तर गठ्ठे बांधल्याशिवाय भाडं निघत नाही. सध्या ती गोणी घंटागाडीत बसून महापालिकेच्या खत प्रकल्पाकडे जाते.

आता कुठे आहोत

टेम्पोच्या फेऱ्या आठवड्यात तीनऐवजी दोन झाल्या. पाणी आणि घाणीपोटी शेठ जी घट धरत ती कोरड्या दिवसांत जवळजवळ थांबली, पावसाळ्यात नाही. नाशिकच्या जून-जुलैत बाटलीच्या आत शिरलेलं पाणी चेपल्यावरही निघत नाही, आणि झाकण लावायला आपणच सांगितलेलं. शेठ पोतं हलवतात, आवाज ऐकतात आणि किलो कापतात. यावर झाकण लावायच्या आधी बाटली उलटी करा, एवढं एक वाक्य पत्रकात वाढवलं आहे. पत्रक परत लांब होऊ नये म्हणून "लेबल काढा" हे वाक्य गाळलं.

पोती विकायच्या आदल्या दिवशी परत ओतणं बंद झालं. माझ्या मते सगळ्यात मोठी बचत हीच, कारण तिथं निवडलेल्या मालाला दुसऱ्यांदा हात लागत होता. बाटलीला लागणारे हात आता चार: मजल्यावरून, टेम्पोत, टेबलावर, पोत्यात. यातला टेम्पोचा हात कमी करता येईल, सोसायटीने पिंपाऐवजी थेट टांगलेली गोणी ठेवली तर. दोन सोसायट्यांनी ठेवली आहे. बाकीच्यांना गोणी दिसायला वाईट वाटते.

देणगीदारांना आम्ही आता हाताने चालणारं गठ्ठ्याचं प्रेस मागितलं आहे. 2026-27 चा सिंहस्थ समोर आहे. त्या काळात पाण्याच्या बाटल्यांचा लोंढा येणार हे सांगायला अभ्यास लागत नाही, आणि प्रेस नसेल तर शेड चार दिवसांत छतापर्यंत भरेल. त्यांचं उत्तर अजून यायचं आहे. हप्त्यावर जुनं प्रेस घ्यायचं की भाड्याने कोरडी खोली, यावर गटाची बैठक येत्या अमावास्येनंतर ठेवली आहे. अक्कांचा कल खोलीकडे आहे, माझा प्रेसकडे.